सतरावं नाव

मी एक चामडी बॅग बोलतेय. माझं आयुष्य परदेशांतल्या वकिलातींत गेलं. माझे मालक काशीराम मोहिते, पूर्णगडजवळच्या बौद्धवाडीतले. लहानपणी शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले आणि पुढे देशाचे राजदूत झाले. भांडणाऱ्या दोन देशांना एका टेबलाशी बसवावं ते त्यांनीच. चेहऱ्यावरची रेष कधी हलत नसे. लोक म्हणत, "मोहितेसाहेबांना भीती ठाऊकच नाही."

खरं मला ठाऊक होतं. माझी मूठ त्यांच्या घामानं भिजायची. माणसं चेहरा आवरतात. तळहात कुणाला आवरत नाही.

१९८२ साली आम्ही होतो त्या देशात लढाई पेटली. सैनिकांनी बंदरात एक जहाज अडवून ठेवलं. त्यावर सतरा खलाशी आपले, बरेचसे रत्नागिरीकडचे. साहेब मला घेऊन एकटेच तिथे गेले. एका सैनिकानं बंदुकीची नळी माझ्या कुलपावर टेकवली. मी आतून गारठले. माझ्यात एकच कागद होता, सतरा नावांचा.

तिथल्या अधिकाऱ्यानं सोळा नावांवर सुटकेच्या खुणा केल्या. "सतराव्याजवळ रेडिओ सापडलाय. हा हेर आहे."

तो सतरावा भिकू पाष्टे, साहेबांच्याच गावचा. साहेब पाच तास बोलत राहिले. तोफांचे आवाज जवळ येत होते. शेवटी अधिकारी म्हणाला, "सोळा न्या, नाहीतर तेही इथेच राहतील."

साहेबांनी सोळा नेले. परतताना त्यांनी मला इतकं आवळलं की मुठीची शिवण उसवली.

दोन वर्षांनी निवृत्त होऊन ते गावी आले आणि आधी भिकूच्या बायकोकडे, गंगाकडे गेले. "भिकूला मी मागे ठेवून आलो," म्हणाले.

गंगानं विचारलं, "जिता हाय ना? तेवढा तरी सांगा."

साहेब घरी येऊन लिहायला बसले: 'भिकू पाष्टे जिवंत आहे का?' त्या दिवसापासून दर महिन्याला एक पत्र जाऊ लागलं. कधी त्या सरकारला, कधी जुन्या ओळखीच्या राजदूतांना. नकला माझ्यात राहत. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की साहेब दचकत.

१९८७ साली ते गेले. पेपरात फोटो आले, दिल्लीहून तारा आल्या. मला माळ्यावर ठेवलं. तिथे वाळवी लाकूड कुरतडत होती. मी भिऊन गेले. या नकला गेल्या तर भिकूबद्दल विचारणार कोण?

पण साहेबांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी मला खाली काढलं आणि स्वतः लिहायला बसल्या. 'माझे पती हयात नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र आहे.'

पुढच्या वर्षी एक जाड लिफाफा आला. बाईंची बोटं तो फोडायला धजेनात. त्यांनी गंगाला बोलावलं.

"उद्या बघूया का गं?"

"फोडा, वहिनी. भ्यायचा तेवढा मी सा वर्सा भ्यायले."

भिकू तुरुंगात जिवंत होता. सुटकेचा हुकूम निघाला होता.

तो आला तेव्हा केस पांढरे झालेले, एका पायानं लंगडत. त्याला वाचता येत नाही. प्रेमलाबाई पडवीत बसून त्याला एकेक पत्र वाचून दाखवू लागल्या. पाचव्या पत्राला त्यानं हात वर केला.

"थांबा, वहिनी. साहेब मला इसारले म्हणून मी त्यांना रोज शिव्या घातल्या."

बाई थांबल्या नाहीत. सहावं पत्र त्यांनी जरा मोठ्यानं वाचलं.

आता माझं चामडं सुटत चाललंय. मला खुशाल फेकून द्या, पण हे कागद तेवढे ठेवा. पुन्हा एखादं नाव खुणेवाचून राहिलं, तर पत्र कसं लिहायचं ते कुणाला तरी हवं असेल.