यंत्रात सापडलेला दसरा

चुडामण पाटलांची अट अगदी सरळ होती. यादवने त्या मिलिटरीच्या यंत्रावर एक तरी घुसखोर पकडून दाखवावा, मग पाटलांची मुलगी कमल त्याची. दसऱ्यापर्यंत जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पाटील खकनारच्या कापूसवाल्याकडे जाऊन तिच्या लग्नाची सुपारी फोडणार.

अट सरळ होती, पण घुसखोर यायला तयार नव्हता. नुकतंच स्वातंत्र्य आलं होतं. संस्थानं एकेक करून विलीन होत होती, आणि जी होत नव्हती त्यांच्या बातम्या बुऱ्हाणपुराहून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीत फुगत फुगत गावात उतरत. कोणीतरी गावावर चालून येणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. कोण येणार, ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून पाटलांनी ग्रामरक्षक दल काढलं आणि लढाईतून उरलेल्या सामानाच्या लिलावात एक रडार उचललं. ते पाण्याचा पंप समजून बोली लावत होते असं त्यांची बायको मालूबाई सांगायची. पाटील ते मान्य करत नसत.

रडार चालवणार कोण? बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात मामाच्या घरी यादव नावाचा एक तरुण रिकामा बसला होता. आईबाप नव्हते, पण लढाईत त्याने असलंच यंत्र चालवलं होतं. पाटलांनी लालबागच्या स्टेशनवर मालगाडीतून यंत्र उतरवून बैलगाडीत घातलं आणि त्याच गाडीतून यादवलाही गावात आणलं. चावडीच्या धाब्यावर जाळीची भलीमोठी परात गरगर फिरू लागली, आणि खाली काचेवर हिरवे ठिपके उमटू लागले. ठिपका म्हणजे कधी म्हैस, कधी वाऱ्याने हलणारी केळीची बाग. कमल चहा घेऊन यायची आणि तो संपला तरी काचेकडे बघत बसायची. दोघांचं जमलं ते असं, म्हशींच्या साक्षीने.

पाटलांनी ठरावही करून ठेवला होता. जाणाऱ्या ठिपक्यांकडे बघायचं नाही, येणारा दिसला की भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की वेस बंद. मग बाहेरच्याला आतल्या कोणीतरी आपला म्हणून, नाव घेऊन ओळखल्याशिवाय आत सोडायचं नाही; खुद्द पाटील असले तरी नाही. हे शेवटचं पाटलांनी स्वतः घातलं होतं. आपण फार न्यायी आहोत असं त्यांना त्या दिवशी वाटलं असावं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गावातले झाडून सगळे पुरुष वाजतगाजत सीमोल्लंघनाला गेले. वेशीबाहेर, नाल्यापलीकडे, आपट्याची पानं लुटायला. रक्षक दलही गेलं. बायका ओवाळणीची ताटं करत राहिल्या. यादव एकटा काचेसमोर डोकं धरून बसला होता. उद्या सुपारी फुटणार होती.

तेवढ्यात नाल्याकडून ठिपके आले. एक नाही, दोन नाही, काच गच्च भरली. शहाणा माणूस म्हणेल, अरे, तेच लोक सोनं घेऊन परत येतायत. पण ज्याचं लग्न उद्या मोडणार आहे त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणाराच मूर्ख. यादवने जीव खाऊन भोंगा वाजवला, काठी घेतली आणि वेशीवरची म्हातारी गोदामाय वेस लावत असताना फटीतून बाहेर पळाला. घुसखोर त्याला हाताने धरायचा होता.

त्याने धरला तो चुडामण पाटलांचा सदरा.

"मशीन पागल झाली का तू पागल झाला?" पाटील ओरडले. "गोदामाय, वेस उघड!"

गोदामाय गावातली सगळ्यात म्हातारी बाई. पुरुष नसले की वेस तिच्या ताब्यात. "भोंगा झाला ना पाटील. ठराव तुमचाच आहे. नाव घेऊन ओळखल्याबिगर मी कोणाले आत घेत नाही."

पोरांना आयांनी झटक्यात ओळखलं. अडले ते नवरे. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? दुसरीच्या नवऱ्याचं घ्यावं, तर तो कोणाचा भासरा म्हणजे थोरला दीर, कोणाचा मामंजी. आत गेलेली पोरं बोलू लागली, तर गोदामायने त्यांनाही गप्प केलं. यंत्राने पकडलेल्यांची साक्ष चालत नाही म्हणे. शेवटी बायकांनी पदर सावरले आणि वेशीवर उखाणे सुरू झाले. लाजत, हसत, एकेक नवरा सुटू लागला. मालूबाईने मात्र भरपूर वेळ घेतला.

"चुलीवर शिजते डाळ, तिला जिऱ्याची फोडणी,
चुडामणरावांना आत घ्या, आधी करू द्या हातजोडणी."

पाटलांनी सगळ्या गावादेखत हात जोडले आणि आत गेले.

शेवटी बाहेर यादव उरला. हातात काठी, आणि आत त्याचं म्हणावं असं कोणी नाही.

"गोदामाय, तू तर मला ओळखते," तो म्हणाला.

"मी पंच आहे बाबू. पंच साक्ष देत नाही."

"राहू दे त्याले बाहेर," पाटील आतून म्हणाले. सदरा फाटला होता, पण त्यांना फार बरं वाटत होतं. "सकाळी त्याच्या मामाले निरोप धाडू. मी तसाही खकनारला चाललोच आहे."

यादवला रडू आलं. वर्षभर तो या गावाची राखण करत होता, आणि गावात त्याला आपला म्हणणारं एक माणूस नव्हतं. तो वळला आणि बुऱ्हाणपूरच्या वाटेला लागला.

"थांबा!"

आवाज कमलचा होता. ती ओवाळणीचं ताट घेऊन बायकांच्या गर्दीतून पुढे आली होती. डोक्यावर पदर घेतलेला. 

"तापीच्या काठाला केळीची बाग,
यादवरावांचं नाव घेते, येऊ द्या आबांना राग."

हलगी वाजवणाराही थांबला.  पाटील मालूबाईकडे वळले. "काय म्हणाली ही?"

"नवऱ्याचं नाव घेतलं पोरीनं, सगळ्या गावासमोर," मालूबाई म्हणाली. "आता खकनारले जाऊन काय सांगसाल?"

गोदामायने वेशीचा अडसर काढला. "ओळख पटली," ती म्हणाली. "या जावईबापू, पाय धुवा."