डब्याने गिळलेला शब्द

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसे. इमारतीतली निम्मी माणसं, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे शेजारी सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले असत. मधोमध मौनी महाराज. हे नाव त्यांना कुणी दिलं कोण जाणे, मी तरी त्यांना कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही. ठरल्या वेळी ते घंटा वाजवत, सगळे श्वास रोखून धरत आणि वर्षापूर्वी वारलेल्या काकांचा आवाज खोलीभर घुमे: "गोळी घेऊ नकोस."

आवाज काकांचाच होता. मी नाक मुरडत गेलो होतो, पण माझ्याही अंगावर काटा आला. टीव्ही बंद, खोलीत कुणी तोंड उघडलेलं नाही आणि काका बोलतायत.

"तत्त्वं किती? पाच. स्पीकर किती? पाच," महाराज बोटांवर मोजत सांगत. मग जमिनीवरचा तो सहावा ठोकळा कशाचा, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते आत्म्याचं आसन. काकूंच्या जावयाने माझ्या कानात सांगितलं की त्या जाड आवाजाच्या स्पीकरला वूफर म्हणतात. आत्मा अर्धंच बोलतो आणि उरलेलं महाराजांना एकट्यांना सांगतो, असंही कळलं. उरलेलं ते एवढंच, की काकूंनी डॉक्टरांची औषधं सोडून महाराजांनी मंत्रलेलं पाणी प्यावं.

या साऱ्याचं मूळ जावयाच्या हौसेत होतं. काकांचा कॉम्प्युटर ते गेल्यापासून कपाटात पडून होता. सासूबाईंना एकटं वाटू नये, जुने फोटो मोठ्या पडद्यावर बघता यावेत, गाणी मोठ्या आवाजात ऐकता यावीत, म्हणून त्याने तो होम थिएटरला जोडला. कॉम्प्युटरमधून एक केबल रिसीव्हर नावाच्या काळ्या डब्यात, त्या डब्यातून दुसरी टीव्हीत आणि बाकीच्या तारा स्पीकरना. चित्र टीव्हीवर दिसणार, आवाज स्पीकरमधून येणार. सगळं एकदाचं सुरू झाल्यावर त्याने सासूबाईंना हात जोडून विनवलं की टीव्हीखेरीज काहीही बंद करू नका. बंद केलं तर पुन्हा कसं सुरू करायचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

उद्घाटनाला त्याने गाण्यांचा एक कार्यक्रम लावला. निवेदक "रसिकहो, नमस्कार" म्हणायला तोंड उघडतो, आणि आम्हाला ऐकू आलं नुसतं "स्कार". आम्ही खूप हसलो. जावई ओशाळून म्हणाला, "आवाज नसला की डबा डुलकी घेतो. तो जागा होईपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो."

त्याच संध्याकाळी काका बोलले आणि तिसऱ्या गल्लीतले महाराज आपणहून हजर झाले.

इथवर सगळी गंमतच होती. पण काकूंना साखरेचा आजार, आणि त्यांनी गोळी खरंच बंद केली. चेहरा उतरला, तहान भागेना, एकदा जिन्यात भोवळ येऊन कठडा धरून बसल्या. डॉक्टर चिडून म्हणाले की असंच चाललं तर सरळ दवाखान्यात भरती करावं लागेल. मला त्यांची फार काळजी वाटू लागली.

आमची ही शाळेत विज्ञान शिकवते. तिने काकूंना परोपरीने समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत गं. आता कशाला बोलतील?"

जिना उतरताना ही मला म्हणाली, "काका कधी वेळेवर आलेले आठवतात? स्वतःच्या लग्नात उशिरा पोचलेला माणूस. आणि आता रोज त्याच मिनिटाला बोलतो?"

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या रांगेत जाऊन बसली आणि आज टीव्ही चालू ठेवू या म्हणाली. महाराज म्हणाले, आत्म्याला उजेड सोसत नाही. हिने वर पेटलेल्या ट्यूबलाइटकडे नुसतं पाहिलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि जावयाने टीव्ही लावला.

घंटा वाजली. "गोळी घेऊ नकोस," काका म्हणाले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उमटला. त्यात घड्याळाचं चित्र आणि खाली एकच शब्द: गोळी.

"हेच परत लाव," ही जावयाला म्हणाली. "लगेच. डबा झोपायच्या आत."

जावयाने बटण दाबलं. या खेपेला डबा टक्क जागा होता.

"उपाशीपोटी गोळी घेऊ नकोस."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनीच सांगितलं, की एकदा काही न खाता गोळी घेतली आणि त्या स्वयंपाकघरात कोसळल्या, तेव्हापासून काकांनी हाच धोशा लावला होता. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात भरती व्हायच्या आधी काकांनी कॉम्प्युटरवर ही रोजची आठवण लावून ठेवली असणार. पण त्या कॉम्प्युटरला स्पीकरच नव्हता, काका हेडफोन लावून बसत. म्हणजे ते घरी नसताना त्यांची काळजी रोज संध्याकाळी खुंटीवर टांगलेल्या हेडफोनमध्ये बोलत होती. जावयाने केबल जोडली तेव्हा कुठे ती बाहेर पडली, तीही पहिला शब्द गमावून.

"आत्मा आज पूर्ण बोलला. साधना फळाला आली," महाराज म्हणाले.

"मग महाराज, गोळीचं काय करायचं?" हिने विचारलं.

महाराजांनी भरल्या खोलीकडे पाहिलं. "जेवून घ्यावी," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. त्यानंतर मात्र ते नावाला जागले.

काकू उठल्या. त्यांनी ताट वाढून घेतलं, सगळ्यांसमोर चार घास खाल्ले आणि गोळी घेतली.

चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण आधी तार कुठून कुठे गेली आहे ते बघा. अर्धं वाक्य ऐकवून उरलेलं स्वतः सांगणारा कुणी भेटला, तर पहिला शब्द कुठे आहे हे त्याला विचारा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आता जावयाने त्या आठवणीच्या आधी एक घंटा टाकली आहे. तिच्या आवाजाने डबा जागा होतो. महाराजांचं काम कॉम्प्युटर करतो. मग काका पूर्ण वाक्य बोलतात. ते यंत्रातून येतं हे काकूंना पक्कं ठाऊक आहे, तरी त्या रोज स्वयंपाकघरातून उत्तर देतात, "जेवले हो."