कडू पाणी निथळेपर्यंत

“कडू हाय.” पेंग बाजूला थुंकली आणि डोक्याच्या फडक्यानं तिनं तोंड पुसलं.

“कडू? तुझी जीभ कडू!” बुआला कडाडली. “किती दिस झालं मिठाची टोपली टांगून! एक थेंब गळंना खाली. कडूपणा ऱ्हाईल कुठनं?”

“ऱ्हायलाय त्याला मी काय करू, अक्का? टांग आनखी.”

मी म्हशी घेऊन बांधावर उभा होतो. या दोघींचं भांडण कानावर पडलं की माझा दिवस बरा जायचा. दुसरं ऐकायला होतंच काय? भातं कापून झालेली, तळ्याचा चिखल झालेला, आणि तरणी माणसं बँकॉककडं, रायोंगकडं पांगलेली. गावात उरलो होतो आम्ही म्हातारे आणि कुत्री.

ऊन तापलं की आमच्या गावामागच्या माळाला पांढरं फुटतं. ती माती खरडायची, कोरलेल्या ओंडक्याच्या डोणीत भरायची आणि वरून पाणी सोडायचं. खाली बांबूच्या नळीतून खारं पाणी ठिबकतं. त्यात लाखेची गोळी टाकून बघायची. तरंगली तर पाणी चुलीवर चढवायचं, बुडाली तर पुन्हा नव्या मातीतून गाळायचं. आटून आलेलं मीठ टोपलीत भरून टांगलं की त्यातलं कडू पाणी निथळून जातं. हे मीठ नसलं तर पादेकचा रांजण भरता येत नाही, आणि त्या मुरलेल्या मासळीवाचून चिकट भाताचा गोळा आमच्या घशाखाली उतरत नाही. दुकानातलं पिशवीचं मीठ घातलं तर मासळी पिचपिचीत होते, असं आमच्यातली जाणती माणसं शपथेवर सांगतात.

पण जिनं मीठ रांधलं तिनं ते आपणच पास करायचं नाही. दुसऱ्या रांधणारीनं चाखून ‘चांगलं झालंय’ म्हणायचं, मगच टोपली घरात न्यायची. आपलं कार्टं कुणाला वाईट दिसतं? म्हणून ही रीत. पूर्वी माळभर चुली पेटायच्या, जिभांना तोटा नव्हता. आता या दोघीच राहिल्या. दोघी विधवा, दोघींची घरं रिकामी.

त्यात बुआलाचा मुलगा थावोन सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाच्या एकमेकांवर पाणी ओतायच्या सणाला, गाडी घेऊन आला होता. आईचे सुजलेले गुडघे बघून त्यानं धोशा लावला, “रायोंगला चल माझ्याकडं. कायमची.” म्हातारी शेवटी म्हणाली, “यंदाचं मीठ घरात येऊ दे, मग येते.” सण झाला, अंगावरचं पाणी वाळलं, तरी मीठ काही पास होईना.

त्या दिवशी जाता जाता मी बुआलाच्या टोपलीतला एक खडा जिभेवर ठेवला. स्वच्छ खारट! कडूपणा औषधाला नव्हता. मी तडक पेंगकडं गेलो. ती वाळूनं कढई घासत होती.

“मावशे, कडू कुठाय त्यात?”

“तू मीठ रांधतोस व्हय?”

“न्हाय.”

“मग म्हशी राख.”

मी हललो नाही. तिनं कढई उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, “ती गेल्यावर माजं कोन चाखंल रं?”

मला फार वाईट वाटलं. मी म्हशींकडं परत फिरलो.

थावोनची रजा संपली. सकाळीच त्यानं आईचं बोचकं गाडीत टाकलं. बुआलानं माळाच्या कडेवरून हाक मारली, “पेंगे, ये गं. शेवटचं चाख.”

पेंग आली. खडा तोंडात धरून तशीच उभी राहिली. थावोन गाडीला टेकून घड्याळ बघत होता.

“चांगलं झालंय,” पेंग म्हणाली. “न्हे घरात.”

“खरं?”

“पयल्यांदा चाखलं तवापास्नं चांगलं व्हतं, अक्का.”

“ठावं हाय मला. म्या काय आज मीठ रांधायला लागले?”

दोघींनी एकमेकींवरची नजर काढून घेतली. मग बुआला आपले गुडघे ओढत पेंगच्या चुलीकडं चालू लागली. थावोन ओरडला, “आई, उशीर होतोय!” म्हातारीनं ऐकलं नाही. पेंगचं मीठ आदल्याच दिवशी कढईतून काढलेलं होतं, टोपलीखालच्या गाडग्यात टपटप चालू होती. बुआलानं चिमूट उचलून तोंडात टाकली. तिचे डोळे बारीक झाले, पण ती थुंकली नाही, तिनं ते गिळलं.

“चांगलं झालंय.”

“अक्का, पानी गळतंय अजून.”

“मी म्हनते न्हवं चांगलं झालंय? न्हे घरात.”

गाडी गेली. धुरळा बराच वेळ खाली बसला नाही.

पेंगनं त्याच दुपारी टोपली खाली उतरवली. मी म्हणालो, “मावशे, आनखी धा दिस टांग की. कोन बघतंय?”

“का म्हनून टांगू? पास झालंय ते.”

पावसाळा सरून तळ्यात मासळी आली तेव्हा तिनं त्याच मिठानं रांजण भरला. मुरल्यावर एकदा मला जेवायला बसवलं. पहिलाच घास घशात अडकला, एवढं ते कडूजहर.

“मावशे, कडू लागतंय गं.”

“तुला काय कळतंय?” तिनं भाताचा गोळा वळला, पादेकमध्ये दाबून बुडवला आणि तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिली. “अक्कानं चाखलंय ते.”