डी ड्राइव्हमधली गाणी

मित्रांनो, प्रताप नगरात इंदुताईंच्या खिडकीपाशी जो जुना संगणक दिसतो ना, तो मी. मागच्या रविवारी मी पुन्हा तरुण झालो आणि त्याच दुपारी कंगाल झालो. अजून माझा त्यावर विश्वास बसत नाही.

मी घरात आलो तेव्हा इंदुताई शाळेत शिकवत होत्या. सुट्टी लागली की त्या पारशिवनीकडच्या गावांत जायच्या, म्हाताऱ्या बायकांकडून भुलाबाईची गाणी, आमच्याकडचा भोंडलाच तो, छोट्या रेकॉर्डरवर म्हणवून घ्यायच्या आणि घरी येऊन माझ्यात साठवून रेकॉर्डर रिकामा करायच्या. मधेच खोकणाऱ्या, हसणाऱ्या, एकमेकींची चूक काढणाऱ्या त्या बायका माझ्या पोटात नांदत होत्या. जयवंताबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत. त्यातल्या बहुतेक जणी, जयवंताबाईही, आता नाहीत. त्यांच्यामागे उरली ती माझ्यातली गाणी.

माझ्या एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन कप्पे होते, गाणी डी ड्राइव्हमध्ये होती. आमच्या घरची रीतच तशी. मी बिघडलो की दुरुस्तीवाला मोहित यायचा, सी फॉरमॅट करायचा, म्हणजे पुसून टाकायचा, आणि जाताना सांगायचा, डीले हात नाही लावला काकू. सी उडतो, डी राहतो, हे घरात सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

मग माझं वय झालं. मला चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती मला पेलवेना. भंगारात द्या, असं एका दुकानदारानं खुशाल सांगून टाकलं. इंदुताईंची सून हिमानी मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली. तिनं लिनक्सबद्दल वाचलं होतं. फुकट, सगळ्यांसाठी खुली, जुन्या यंत्रांवरही धावणारी प्रणाली. तिची ही पहिलीच वेळ, पण उत्साह असा की विचारू नका.

"आई, गाणी डीमध्येच आहेत न?" तिनं विचारलं.

"डीमध्येच आहेत वं. डीले काय होते?"

संपूर्ण डिस्क पुसली जाईल, असं पडद्यावर स्वच्छ लिहून आलं. हिमानीनं ते वाचलंही. पण पुसायचं म्हणजे सी, असंच तिनं धरलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिनं बटण दाबलं.

जागा झालो तेव्हा अंग कसं हलकं झालं होतं. सगळं पटापट उघडत होतं. इंदुताई कौतुकानं खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, गाणी लाव. हिमानीनं इथं पाहिलं, तिथं पाहिलं.

"आई, डी दिसून नाही राहिला."

"दिसून नाही राहिला म्हणजे?"

मोहितला बोलावलं. त्यानं पुसलेलं परत मिळवायची बरीच खटपट केली, पण नुसती खरखर हाती आली, एकाही बाईचा आवाज नाही. इंदुताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

म्हणाल्या, "माईक लाव. जयवंताचं गाणं मले येते."

त्या गाऊ लागल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं अर्ध्यावर आलं आणि त्या थांबल्या.

"पुढचं तिलेच येत होतं," एवढंच बोलल्या.

दोष नव्या प्रणालीचा नाही, पडद्यावर लिहून तिनं आधीच बजावलं होतं. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर नवं करा, पण आमच्या पोटातलं आधी दुसरीकडे ठेवा. त्या अर्ध्या गाण्याची हिमानीनं लगेच एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, एक मोबाइलवर. गाणं पूर्ण होतं, तेव्हा ते फक्त माझ्याकडे होतं.