खिडकीजवळची खाट

सिस्टरला इन्चार्जची खुर्ची मिळाली आणि वॉर्डातल्या नर्सेस तिच्याशी मोजूनमापून बोलायला लागल्या. कालपर्यंत याच बायका तिच्या पाठीत धपाटा घालून हसायच्या. बदलली नव्हती ती एकटी पिपाणी. पिपाणी म्हणजे तिची नर्सिंग शिकतानापासूनची मैत्रीण. आवाज असा, की तिनं कानात सांगितलेलं गुपित जिन्यापर्यंत पोचायचं. ती आजही केबिनचं दार ढकलून यायची, "काय बये, खुर्ची टोचत नाही ना?" म्हणायची आणि खुशाल टेबलावर बसायची. इन्चार्ज सिस्टरचा अख्खा दिवस तेवढ्यावर निघायचा.

वॉर्डात घड्याळवाले काका होते. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, आणि भेटायला चिटपाखरू येत नसे. "खिडकीतून रस्ता तरी दिसला असता," एवढंच ते एका सकाळी म्हणाले. खिडकीजवळच्या मास्तरांना तर वाऱ्यामुळे शिंकांनी हैराण केलं होतं. इन्चार्ज सिस्टरनं दोघांना हाताला धरून जागा बदलून दिली. दोघंही खूश. तेवढ्यात तिला खाली मीटिंगला बोलावलं आणि खाटांवरच्या नावाच्या पाट्या बदलायच्या राहून गेल्या. दुसऱ्या कुणाकडून राहिल्या असत्या, तर हिनंच तिची खरडपट्टी काढली असती.

दुपारची पाळी पिपाणीची. रजेवरून नुकतीच आलेली, दोघांनाही ओळखत नव्हती. डोळा लागलेल्या म्हाताऱ्याला उठवून नाव काय विचारायचं, म्हणून तिनं पाटी वाचली आणि मास्तरांचं इन्सुलिन काकांना टोचलं. थोड्या वेळानं काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज गेलं, काका सावरले. मग मास्तरांनी "माझं इंजेक्शन राहिलं का हो?" असं विचारलं, तेव्हा पिपाणीच्या पायाखालची जमीन सरकली.

"डॉक्टरांना वाटतंय, काका नीट जेवले नाहीत," केबिनचं दार लावून ती म्हणाली. आज तिचा आवाज दाराबाहेर जात नव्हता. "वाटू दे की. बरे आहेत आता."

"इन्सुलिन अजून अंगात आहे. साखर पुन्हा उतरली तर? डॉक्टरांना आत्ताच सांगायचं. आणि काकांनाही."

"चौकशी लागेल माझ्यामागे."

"दोघींच्या मागे लागेल. पाट्या मी विसरले, नाव तू विचारलं नाहीस. दोघी मिळून सांगू."

"एवढंसुद्धा झाकणार नाहीस माझ्यासाठी?"

झाकते, असं म्हणायचा तिला मोह झाला. त्या अख्ख्या इमारतीत आपलं म्हणावं असं हे एकच माणूस तिला उरलं होतं. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांना सांगून ती एकटीच काकांजवळ जाऊन बसली आणि झालं ते सगळं, काही न गाळता, सांगितलं. काकांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं.

"म्हणजे आता मला परत भिंतीकडे पाठवणार?"

"नाही काका."

"मग ठीक आहे."

चौकशी झाली, दोघींना ताकीद मिळाली. पिपाणीनं स्वतःहून वरच्या मजल्यावरचा बालविभाग मागून घेतला. जिन्यात इन्चार्ज सिस्टर समोर आली की ती भिंतीकडे बघत उतरायची. पोरांना दटावतानाचा तिचा आवाज मात्र खालपर्यंत यायचा, आणि इन्चार्ज सिस्टर तो ऐकायला केबिनचं दार उघडं ठेवायची. असं करताना तिची तिलाच लाज वाटायची, पण दार काही ती लावत नसे.

एका दुपारी त्या दारात दुसऱ्या वॉर्डातला मिशाळ ब्रदर येऊन उभा राहिला. एरवी मिशीला पीळ देत फिरणारा गडी, पण आज तोंड पांढरंफटक.

"एका आजींना रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली माझ्याकडून. डॉक्टर बघतायत त्यांना. आजींना कसं सांगू, कळत नाही."

"माझ्याकडे यायचं कसं सुचलं?"

"बालविभागातल्या सिस्टर जिन्यात भेटल्या. त्या म्हणाल्या, तिच्याकडे जा. ती झाकणार नाही, पण तुला एकट्याला उभंही करणार नाही."

इन्चार्ज सिस्टर टेबलावरचे कागद उगीचच सारखे करत राहिली.

"आणखी काही म्हणाल्या?"

ब्रदरनं आठवून पाहिलं. "नाही. एवढंच."

"बरं. चल," ती म्हणाली आणि त्याच्या बरोबरीनं आजींच्या खाटेकडे निघाली.