कातळची टाचणी

आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक माणूस फॉर्मवर खोटं लिहितो. 'सर्फिंग कितपत येतं' या प्रश्नापुढे पाच चौकोन आहेत, एक ते पाच. ज्याने लाट फक्त फोटोत पाहिली आहे तोही हळूच तीनवर खूण करतो. एकवर खूण करायची म्हटली की लोकांच्या अगदी जिवावर येतं.

म्हणून मी फॉर्म बाजूला सारते आणि विचारते, "शेवटचं कुठे पडलात?" हा प्रश्न बाबांचा. पंचवीस वर्षं याच टेबलामागे बसून त्यांनी तो विचारला. "मी नाही हो पडत," असं म्हणणाऱ्याला एक नंबरचा, सगळ्यात सोपा किनारा. जो हसतो आणि कुठे पडलो, कसा पडलो, बोर्ड कुठे लागला हे रंगवून सांगायला लागतो, त्याला झेपेल असा किनारा दाखवायला मी उठून नकाशापाशी जाते.

ऑफिस म्हणजे एकच खोली. दोन टेबलं, एक फोन, आणि भिंतभर किनाऱ्याचा नकाशा. त्यावर एकतीस टाचण्या. पांढरी टाचणी म्हणजे दर्जा एक: तळाला वाळू, उतार इतका सावकाश की शंभर पावलं आत गेलात तरी पाणी कमरेच्या वर येत नाही, आणि लाट लांब फुटून नुसता फेस होऊन तुमच्यापर्यंत पोचते. तिथून पिवळी, निळी, लाल असं चढत जायचं. काळी टाचणी म्हणजे पाच. तिथे तळाला उघडा खडक असतो आणि चूक केली तर समुद्र दुसरी संधी देत नाही. किनाऱ्यांना आम्ही आमचीच नावं ठेवलीत. सगळ्यात सौम्य तो 'पाळणा'. एक आहे 'सासूबाई': दिसायला शांत, पण पाय टाकला की आत ओढून नेते. हे नाव बाबांनी माझी आजी, म्हणजे त्यांची सासू, हयात असताना ठेवलं होतं, त्यामुळे ती घरी आली की त्या किनाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

टाचणी लावायचा एकच नियम: दोनदा पडल्याशिवाय टाचणी नाही. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला. कुणी सांगितलं म्हणून नाही, फोटो छान आलाय म्हणून नाही. एकतीसपैकी सव्वीस ठिकाणी बाबा स्वतः पडले, पाच ठिकाणी मी. टाचणी बदलायची तरी पुन्हा जाऊन पडायचं. आमच्या यादीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात तो एवढ्याचसाठी.

बाबांचा जीव होता तो 'कातळ'वर. लाल टाचणी, दर्जा चार. खडकाच्या एका टोकापासून लाट मोडायला लागते आणि न थांबता पार दुसऱ्या टोकापर्यंत मोडत जाते. माणूस तिच्यावर पुरतं मिनिटभर उभा राहू शकतो. हे मिनिट म्हणजे काय ते मी समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. आई गेली त्या वर्षी बाबा तिथे अकरा वेळा गेले होते.

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू सुटली, डावी सापडली. बोलणं महिन्याभरात परत आलं, चालणं काठीच्या आधाराने आलं, पण डावा पाय आजही उचलायला सांगितल्यावर जरा विचार करून उचलतो. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जायला हरकत नाही, पण कमरेएवढ्या, आणि सोबत कुणीतरी हवं. बाबांनी त्यातलं 'हरकत नाही' तेवढं ऐकलं.

"या मोसमात एकदा कातळला जाऊन येतो," ते एका सकाळी चहा पिताना म्हणाले.

"बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कातळ चार आहे. चारला आपली अट काय? बोर्डावर पालथं पडून वीस मिनिटं न थांबता हात मारत आत जाता आलं पाहिजे. येईल मला."

मी तशी गप्प बसणारी नाही, गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावते, पण बापाला 'तुमच्याने आता होणार नाही' हे सांगायला माझी जीभ उचलेना. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. बाबा पलंगावर पालथे पडले होते. उशाशी स्वयंपाकघरातलं घड्याळ. ते हात मारायचा सराव करत होते. उजवा हात हवेतून लांब जाऊन परत येत होता. डावा चादरीवरून नुसता घासत होता. सहाव्या मिनिटाला त्यांनी चादरीवर गाल टेकला आणि डोळे मिटून घेतले. मग परत सुरुवात केली.

हा माणूस जाणार. मी नाही म्हटलं तर न सांगता जाणार. आणि त्या खडकावरून त्याला बाहेर काढणार कोण?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी नसताना मी नकाशावरची कातळची लाल टाचणी काढली आणि काळी टोचली. यादीतही चारचे पाच केले आणि यादी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिली. पाचच्या अटी बाबांनीच घातलेल्या होत्या: डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि बरोबरीचा जोडीदार हवा. चिठ्ठी त्यांना कुणी देणार नव्हतं. बरोबरीचे होते ते एकेक करून गेले होते किंवा गुडघे धरून घरी बसले होते. स्वतःचा नियम बाबा मोडणार नाहीत, याची मला शंभर टक्के खात्री होती. तीन मिनिटांचं काम. स्वतःच्या हुशारीवर मी चक्क खूश झाले.

बुधवारी बाबा नेहमीसारखे ऑफिसात आले. नकाशासमोर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. आता चिडतील म्हणून मी तयारीत होते. पण ते चिडले नाहीत.

"कातळ पाच झाला?" त्यांनी विचारलं. "खडकावरची वाळू गेली वाटतं. मागच्या वादळात गेली असणार. बाहेर यायच्या वाटेवर होती ना, तीच."

मी काहीतरी हो-नाही पुटपुटले.

ते दुसऱ्या टेबलावर बसले, फोन जवळ ओढला, आणि आपली जुनी वही उघडून जे जे कातळला जातात त्यांना एकेकाला फोन लावायला लागले. "या वर्षी तिकडे जाऊ नका. तळ उघडा पडलाय. पोरीने बघितलंय, तिने टाचणी बदलली म्हणजे तसंच कारण असणार." झटक्यानंतर फोनवर बोलताना त्यांचा शब्द अडतो, तरी त्यांनी सात फोन केले. एक बाई वर्षातून एकदाच सुट्टी काढून कातळला जायची. तिने लगेच बेत रद्द केला आणि वर बाबांचे आभार मानले. ते मला इथवर ऐकू आले.

आठवा नंबर फिरवता फिरवता बाबा थांबले.

"कधी गेली होतीस तू?"

मी कागद चाळत राहिले.

"भरतीला जास्त लागतंय की ओहोटीला? म्हणजे लोकांना सांगायला बरं."

"बाबा, राहू दे ना आता फोन."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "तू पडलीस कुठे?"

एवढा साधा प्रश्न. पाच वर्षांच्या पोरीला विचारावा तसा त्यांनी मला विचारला. मला एकही थाप मारता आली नाही.

"मी गेलेच नाही," मी म्हटलं.

"मग टाचणी?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून बदलली." आणि मग मला आवरेना. "तुमचा डावा हात चादरीवर घासतो बाबा. मी पाहिलंय. तुम्ही तिथे गेलात तर परत येणार नाही, आणि मला तुम्हाला पाण्यातून ओढून काढायचं नाहीये. आईच्या वेळी मी सगळं निमूट केलं. तुमच्या वेळी माझ्याने होणार नाही."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, नकाशापाशी गेले, काळी टाचणी काढली आणि खणातून लाल शोधून लावायला लागले. टाचणी दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा बसली.

"कातळ चारच आहे," ते म्हणाले. "त्याचा काय दोष?"

मग त्यांनी तेच सात नंबर परत फिरवले. चूक झाली, आमच्याकडून झाली, असं सातही जणांना सांगितलं. माझं नाव एकदाही घेतलं नाही. ती बाई तोवर दुसरीकडे पैसे भरून बसली होती. तिची त्यांनी दोनदा माफी मागितली. मी समोर बसून ऐकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तर बाबा आधीच पायरीवर बसलेले. आत आले ते आपल्या खुर्चीवर नाही, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले.

"फॉर्म दे."

"कशाला उगीच, बाबा?"

"दे गं."

त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं. आजारपणाच्या रकान्यात सगळं नीट लिहिलं, औषधांसकट. पाच चौकोनांपाशी पेन जरा वेळ थांबलं आणि त्यांनी एकवर खूण केली. मी खूप वर्षं हे काम करते. इतका खरा फॉर्म माझ्या हातात कधी आला नव्हता.

"निदान दोन तरी लिहा," मी म्हटलं.

"विचार," ते म्हणाले.

"काय?"

"सगळ्यांना विचारतेस ते."

मला विचारायचं नव्हतं. पण ते वाट बघत बसले होते, गिऱ्हाईक बसतं तसे, मांडीवर हात ठेवून.

"शेवटचं कुठे पडलात?"

"बाथरूममध्ये," बाबा म्हणाले.

रविवारी मी त्यांना पाळण्याला घेऊन गेले. तिथली शिकवणारी बाई नवीन होती, तिला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. वाळूवर सहा जणांची रांग होती: एक नवरा-बायको, तीन शाळकरी मुली आणि शेवटी बाबा. प्रत्येकासमोर मऊ स्पंजचा जाडजूड बोर्ड.

"आधी कुणी केलंय का?" बाईने रांगेतून फिरत विचारलं.

मी लांब टॉवेल धरून उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. निदान एवढं म्हणतील की थोडंफार केलंय.

"नाही," बाबा म्हणाले. "पहिल्यांदाच."

तिने सगळ्यांना पालथं झोपायला लावलं आणि हाताच्या जोरावर उठून डावा पाय पुढे कसा घ्यायचा ते दाखवलं. मुली हसत हसत उठल्या. बाबा गुडघ्यापर्यंत आले आणि थांबले. डावा पाय येईना. त्यांनी उजव्या हाताने घोटा धरून तो पुढे ओढला. बाई म्हणाली, "घाई नको काका, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं." ते म्हणाले, "हो का."

पाण्यात ते उभे राहिलेच नाहीत. बाईने बोर्ड धरून फेसाच्या लाटेसमोर सोडला आणि बाबा पोटावर पडल्या पडल्या वाळूपर्यंत आले. तिने टाळ्या वाजवल्या. मुलींनीही वाजवल्या. बाबांनी मान हलवून आभार मानले, असं चारदा केलं आणि बोर्ड स्वतः उचलून नेऊन जागेवर ठेवला.

गाडीत बसल्यावर त्यांनी केस पुसले, टॉवेलची नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली.

"बाई चांगली शिकवते," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "पुढच्या वेळी मला नको आणूस."

मला हवं होतं ते मिळालं होतं. ते आता कातळला जाणार नव्हते, पाळण्याला जाणार नव्हते, कुठल्याच पाण्यात जाणार नव्हते, आणि मला कधीच कुणाला ओढून काढावं लागणार नव्हतं. मी "बरं" म्हटलं. गाडी सुरू केली, पण रस्ता दिसेपर्यंत तशीच थांबून राहिले. बाबांनी घडी केलेला टॉवेल माझ्या हातात दिला.