दरवाजा वाहणाऱ्या बाईच्या एकतीस आवृत्त्या

यशोधन राजाध्यक्षला अकरा दिवस मिळाले नाहीत.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला. यशोधननेही तेच केलं होतं. मार्चपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो ते अकरा दिवस खिशात असल्यासारखा जेवत होता, झोपत होता आणि सकाळच्या फेरीबोटीत रेलिंगला टेकून उभा राहत होता. मग आपणच आधी हात टेकण्यात काही अर्थ नाही.

प्रकरण सोपं होतं. कॅनडात कायमचं राहायचा अर्ज करायला कौशल्याच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. हॅलिफॅक्सच्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत यशोधनचं कंत्राट ५ जून २०१७ला सुरू झालं आणि २४ मे २०१८ला संपणार होतं. वर्ष भरायला अकरा दिवस कमी. वर्क परमिट ८ जूनला संपत होतं आणि त्यानंतर सांगलीचं तिकीट. मधल्या फटीत दुसरी नोकरी बघावी, तर अकरा दिवसांसाठी माणूस ठेवतो कोण? गणपतीसुद्धा दहा दिवसांत आटोपतो.

कामही तसं विचित्रच. एक निवृत्त जहाज कप्तान मरताना लायब्ररीला एकाच स्पॅनिश कादंबरीच्या एकतीस आवृत्त्या देऊन गेला होता. कप्तानाला स्पॅनिश येत नव्हतं. तो बंदराबंदरांतून ती पुस्तकं घ्यायचा आणि आतली चित्रं बघायचा. यशोधनलाही स्पॅनिश येत नव्हतं, म्हणजे माणूस अगदी योग्य निवडला होता. प्रत्येक चित्र बघायचं आणि त्यात काय काय आहे ते कॉम्प्युटरमध्ये लिहायचं. त्याच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब होतं की आई शेजारी सांगताना फक्त ‘सरकारी आहे’ म्हणायची. तेही खरं नव्हतं.

कादंबरी चारशे वर्षांपूर्वीची. लेखक कोण यावर एकमत नाही. राजाचे शिपाई एका विधवेच्या घराचा दरवाजा लाथा घालून मोडतात. ती तक्रार करायला जाते, तर कारकून म्हणतो, पुरावा आणा. बाई दरवाजा बिजागऱ्यांतून काढते, पाठीवर घेते आणि निघते. मग सहाशे पानं ती स्पेनभर दरवाजा वाहते. प्रत्येक कचेरीत तिला सांगतात, दरवाजा बरोबर आहे, पण कचेरी चुकली. शेवटी ती राजवाड्याच्या अंगणात पोचते, दरवाजा उभा करते आणि त्याच्यावरच टकटक करते. पुस्तक तिथे संपतं.

“उघडतं का कोणी?” पहिल्या आठवड्यात यशोधनने विचारलं होतं.

“ते लिहिलेलं नाही,” मार्गरेट मॅकायझॅक म्हणाल्या. त्या विभागाच्या प्रमुख, केप ब्रेटन बेटावरच्या, साठी उलटलेल्या. मला मार्गरेटच म्हण, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. यशोधनच्या तोंडून ते काही निघेना, म्हणून मग ‘मार्गरेट मॅम’वर तडजोड झाली होती.

खरी मजा चित्रांची होती. सगळ्यांत जुन्या, १६२४च्या आवृत्तीत लाकडात कोरलेलं एक ओबडधोबड चित्र होतं, त्यात बाई दिसतच नव्हती. नुसता दरवाजा, आणि त्याच्याखाली दोन पावलं. शंभर वर्षांनी पॅरिसमध्ये छापलेल्या आवृत्तीत बाईच्या केसांना पावडर लागली, हातात पंखा आला, आणि दरवाजा एक नोकर वाहू लागला. बाई नुसती बोट दाखवून रस्ता सांगत होती. पुढे लंडनच्या आवृत्तीत काळे ढग, कोसळलेला किल्ला, वर घार, बाई देखणी आणि दरवाजा चहाच्या ट्रेएवढा. नंतर एका मुलांच्या आवृत्तीत दरवाजाला डोळे फुटले आणि तो हसायला लागला. १९८८मध्ये दरवाजा गेला, बाईच्या हातात फक्त किल्ली उरली. शेवटच्या आवृत्तीत बाईही नव्हती. पांढऱ्या पानावर एक चौकोनी सावली, बस.

यशोधनने मनानेच एक उद्योग केला. चित्रातली किती जागा दरवाजाने व्यापली आहे, ते पारदर्शक चौकटीचा कागद ठेवून त्याने प्रत्येक आवृत्तीत मोजलं. एकाहत्तर टक्क्यांपासून सुरू झालेला दरवाजा चारशे वर्षांत शून्यावर आला होता. मुलांच्या आवृत्तीत तो थोडा वर गेला होता, पण तो हसण्यामुळे.

“ओझं कमी होत गेलं,” तक्ता बघून मार्गरेट मॅम म्हणाल्या.

“बाईचं नाही झालं, मॅम. सहाशे पानं तेवढीच आहेत. फक्त चित्र काढणाऱ्यांनी बघणं सोडलं.”

 मग त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. या चित्रांचं प्रदर्शन २५ मेपासून भरणार होतं, आणि ते नीट मांडून होईपर्यंत यशोधनची गरज आहे असं दाखवलं की कंत्राट ४ जूनपर्यंत वाढू शकत होतं. बरोब्बर अकरा दिवस.

तो फॉर्म घेऊन मार्गरेट मॅम पहिल्या कचेरीत गेल्या. तिथे सांगितलं, फॉर्म बरोबर आहे, पण तो मनुष्यबळ विभागात द्या. तिथून डीनकडे. डीनकडून परत मनुष्यबळाकडे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या. गुडघ्याला पट्टा बांधलेली ती बाई जिने चढउतार करत राहिली. यशोधनला पुस्तकाची आठवण येत होती, पण ती आठवण बोलून दाखवण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. वर्षभर रोज आठ तास दरवाजे बघून त्याला घराच्या दारातून आत शिरायचासुद्धा कंटाळा येऊ लागला होता.

घर म्हणजे बंदरापलीकडच्या डार्टमथमधलं एक बेसमेंट. तिथे त्याच्याबरोबर नागपूरचा नंदन राहायचा. नंदन एका विमा कंपनीत कोडिंग करायचा, आणि त्याचं पीआर, म्हणजे कायमचं राहायचं, कधीच झालेलं होतं. त्यामुळे त्याच्या सल्ल्यांना धार आलेली होती.

“अबे, अकरा दिवसांचं टेन्शन काहून घेऊन राहिला? होते ना सगळं.”

“झालं नाही तर?”

“नाही झालं तं मग टेन्शन घेजो. आतापासून घेशील तं डबल होईल ना बे.”

चौदा मे, सोमवारी मार्गरेट मॅमचा फोन आला. मुदतवाढ मंजूर. सही झाली, कागद शुक्रवारी हातात येईल. आपल्याला आनंद होईल असं यशोधनला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याला फक्त झोप आली.

मंगळवारी सकाळी त्याने फेरीतून आईला व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत दुपारचे चार वाजले होते. आई जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्याभोवती खाकी कागदाचे तुकडे पसरले होते. अरुणा मावशीची नात पाचवीत गेली होती. तिच्या पुस्तकांना कव्हरं घालायचं काम, शाळा उघडायच्या महिनाभर आधीच, आईने अंगावर घेतलं होतं.

“बघ, अजून तुझ्यासारखी कोणाला जमत नाहीत,” आई म्हणाली. “कडा आत दुमडल्या की नखाने दाबायच्या, हे आजकालच्या मुलांना सांगून कळत नाही. यशू, तुला झोप येतीय का?”

“नाही गं. बंदरावर धुकं आहे, म्हणून तसा दिसतोय.”

“धुकं तुझ्या डोळ्यांखाली आहे रे.”

तो आईच्या हातांकडे बघत राहिला. कागद अंथरायचा, पुस्तक मधोमध ठेवायचं, वरची खालची पट्टी दुमडायची, पुठ्ठा आत सरकवायचा, नख फिरवायचं. फेरी हॅलिफॅक्सला लागली तेव्हा त्याचं नख पँटच्या शिवणीवरून फिरत होतं.

त्या दिवशीचं काम फक्त बांधाबांधीचं होतं. पुस्तकं हॉलमध्ये न्यायची होती. मार्गरेट मॅमनी सांगून ठेवलं होतं, प्रत्येक पुस्तक पार्सलसारखं गुंडाळ, दोरी बांध, लेबलवर खोक्याचा नंबर घाल. टेबलावर ॲसिड नसलेल्या तपकिरी कागदाचा रोल, पांढरी लेबलं आणि पेन तयार होतं. यशोधनने पहिलं पुस्तक कागदावर मधोमध ठेवलं, आणि त्यानंतर त्याचं डोकं घरी गेलं. हात मात्र कामावर राहिले.

चार तासांनी एकतीसच्या एकतीस पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती. कव्हरं! दोरी एकालाही नाही. कोपरे इतके टोकदार की टोचावेत. डिंकाचा थेंब कुठे नाही, कारण डिंक लावणं त्यांच्या घरी आळशीपणाचं मानायचे. आणि प्रत्येकावर उजवीकडे वर लेबल होतं, त्यावर वळणदार देवनागरीत लिहिलेलं: नाव – यशोधन राजाध्यक्ष. विषय – दरवाजा. इयत्ता – १६२४. तुकडी – अ. पुढच्यावर इयत्ता १७२६. तुकडी सगळ्यांची अच होती. ब तुकडी त्याला कधीच आवडली नव्हती.

“अबे!” घरी नंदन ओरडला. “चारशे वर्षांच्या पुस्तकावर तू आपलं नाव टाकून आला? इयत्तेसकट?”

“कागदावर टाकलंय. पुस्तकाला धक्का नाही.”

“अन् तुकडी कोणती लिवली?”

“अ.”

“मग ठीक आहे,” नंदन म्हणाला आणि वरणाला फोडणी घालायला गेला.

बुधवारी सकाळी यशोधन ती कव्हरं काढायला जरा लवकर गेला. पण मॉन्ट्रियलहून प्रदर्शन मांडायला आलेल्या सेलीन मॅडम त्याच्याही आधी पोचल्या होत्या. त्या टेबलाभोवती टाचा उचलून फिरत होत्या.

“हे कोणी केलं?”

“सॉरी, मी. काल थोडा दमलो होतो. दहा मिनिटांत काढतो.”

“मे नों! नाही, नाही!” सेलीन मॅडम दोन्ही हात पसरून टेबलाच्या आडव्या आल्या. “मोठा दरवाजा. मग लहान. मग किल्ली. मग सावली. आणि मग हे! दरवाजा बंद. बाई आत. काहीही दिसत नाही. ही बत्तिसावी आवृत्ती आहे. तुम्ही किती वर्षं यावर विचार करत होता?”

“बालवाडीपासून,” यशोधन म्हणाला. खरं तेच होतं.

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

यशोधनने दोनदा समजावून सांगितलं की ही सवय आहे, कला नव्हे, आणि आमच्याकडे हे सगळेच करतात. सेलीन मॅडमचे डोळे दोन्ही वेळा भरून आले. “एक अख्खा समाज!” त्या म्हणाल्या. आधीच्या योजनेप्रमाणे पुस्तकं उघडून चित्रं दाखवायची होती. आता भिंतीवर चित्रांचे फोटो आणि मधल्या काचेच्या पेटीत एकतीस बंद पुस्तकं, असं ठरलं. गुरुवारी सकाळी पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर होतं: ‘३२. यशोधन राजाध्यक्ष. कागद, घडी, लेबल. २०१८.’

सुरुवातीला जे घडलंच नाही असं आपण धरून चाललो होतो, ते आता घडलं.

गुरुवारी दुपारी मनुष्यबळ विभागाची, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या, ईमेल आली. आधी मनापासून अभिनंदन. मग नियम. ज्या कलाकाराचं काम विद्यापीठात मांडलं आहे, त्याला प्रदर्शनाच्या काळात त्याच प्रदर्शनासाठी नोकरीवर ठेवता येत नाही. हितसंबंध आड येतात. सबब २५ मे ते ४ जूनची मुदतवाढ मागे घेण्यात येत आहे. पुन्हा एकदा अभिनंदन.

मार्गरेट मॅम पुस्तिका आणि ईमेल घेऊन पुन्हा निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, पुस्तिकेतून नाव काढा. सेलीन मॅडम म्हणाल्या, पाचशे प्रती छापून झाल्यात, आणि काढायचं तरी का? डीनच्या कचेरीत सांगितलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ते इथे सांगायचं नाही. संध्याकाळी त्या यशोधनच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि गुडघ्याचा पट्टा सोडला.

“आय ॲम सो सॉरी, यशोधन. मी सगळीकडे जाऊन आले.”

“कळलं, मॅम. तुम्ही पाय वर घेऊन बसा थोडा वेळ.”

“कलाकार म्हणून केलेले दिवस नाही का धरत ते?”

“स्वतःचं काम धरत नाहीत. कोणीतरी ठेवलेलं असावं लागतं.”

“तू कव्हरं का घातलीस रे?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. जिने चढून आलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता.

यशोधनला सांगता आलं असतं, की नवं वर्ष सुरू होणार असलं की पुस्तकांना कव्हरं घालतात, आणि सोमवारी त्याला वाटलं होतं की ते सुरू होतंय. पण ते इंग्रजीत फार लांबलं असतं. “चित्रं मळू नयेत म्हणून,” तो म्हणाला.

२४ तारखेला त्याने ओळखपत्र परत केलं. पुढचे पंधरा दिवस त्याने अर्ज पाठवले. सगळीकडून उत्तर आलं की तुमची माहिती आम्ही जपून ठेवू. ७ जूनला, बॅगा भरून झाल्यावर, तो पाहुण्यासारखा प्रदर्शन बघायला गेला. काचेच्या पेटीपाशी एक म्हातारी बाई रेनकोटातच उभी होती.

“एक्स्क्यूज मी, चित्रं कुठल्या पुस्तकात आहेत?”

“सगळ्याच,” यशोधन म्हणाला.

“मग उघडून का ठेवत नाहीत?”

“ते लिहिलेलं नाही.”

बाई मान हलवून सावलीच्या फोटोकडे गेली. यशोधन भिंतीवरच्या पहिल्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. एकाहत्तर टक्के दरवाजा आणि खाली दोन पावलं. वर्षभरात ही पावलं त्याने शंभरदा बघितली असतील, पण डाव्या पायाची टाच किंचित उचललेली आहे, हे त्याला आजच दिसलं. बाई थांबलेली नव्हती.

बाहेर पडताना दाराजवळ सूचनांची पेटी होती, शेजारी छापील फॉर्म. त्याने एक घेतला आणि मराठीत लिहिला, कारण इंग्रजीत लिहिला असता तरी तेवढ्याच लोकांनी वाचला असता.

‘प्रति, पुढील आवृत्तीचे चित्रकार, नाव व पत्ता अद्याप ठरलेला नाही. विषय: दरवाजाबाबत. महोदय, मागील एकतीस आवृत्त्यांत सदर बाई कोठेही बसलेली आढळत नाही. तरी पुढील आवृत्तीत दरवाजा मूळ मापाचा, म्हणजे एकाहत्तर टक्के, काढण्यात यावा. बाईला तो भिंतीला टेकवून अकरा दिवस स्वस्थ बसू द्यावे. आणि सदर अकरा दिवस तिच्या प्रवासात धरण्यात यावेत, ही नम्र विनंती. सोबत: काही नाही.’